श्वेतकेतूची स्मृती आणि आपल्या मुलांचा डबा



छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय महावाक्यासाठी प्रसिद्ध आहे. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, आत्मज्ञान देतात तो हा अध्याय. पण त्या उच्च उपदेशाच्या आधी त्याच अध्यायात एक अगदी साधा, घरगुती म्हणावा असा प्रसंग येतो आणि प्रवचनांतून त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. बारा वर्षे गुरुगृही राहून, सर्व वेद शिकून श्वेतकेतू घरी आला आहे. पिता त्याला सांगतात की खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. स्थूल भाग बाहेर टाकला जातो, मधल्या भागाचे मांस होते आणि जो अत्यंत सूक्ष्म भाग आहे त्याचे मन होते. मुलाला हे पटत नाही. मग पिता वाद घालत बसत नाहीत. ते म्हणतात, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवे तितके पी. सोळाव्या दिवशी ते त्याला वेदमंत्र म्हणायला सांगतात. बारा वर्षे पाठ केलेले मंत्र, पण एकही आठवत नाही. पिता म्हणतात, जा, जेवून ये. जेवून आल्यावर जे विचारावे ते सर्व त्याला आठवू लागते. मोठा अग्नी विझून काजव्याएवढा एकच निखारा उरावा आणि त्यावर गवत घालताच तो पुन्हा पेटून उठावा, तसे हे झाले, असा दृष्टांत तिथे दिला आहे.

या प्रसंगाकडे आज आपण एका वेगळ्या दृष्टीने पाहणार आहोत. श्वेतकेतू विद्यार्थी होता. त्याची बुद्धी मंद नव्हती, गुरू कमी पडले नव्हते, अभ्यासात कसूर नव्हती. कमी होते ते अन्न. आपल्या घरातही एक श्वेतकेतू आहे. तो दुसरीत आहे, पाचवीत आहे किंवा आठवीत आहे. सकाळी वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, दुपारी डोके दुखते, संध्याकाळी चिडचिड होते. आपण त्याला एकाग्रतेसाठी त्राटक शिकवतो, सरस्वतीचा मंत्र देतो, शिकवणीला घालतो. हे सर्व चांगलेच आहे. पण उद्दालकांनी आधी ताट पाहिले असते.

पोट भरलेले, पण ताट रिकामे

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मुले उपाशी नाहीत, उलट ती दिवसभर काहीतरी खातच असतात. मग उणीव कशाची आहे? 2016 ते 2018 या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाचे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी 24 टक्के, तर दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी 28 टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. म्हणजे वर्गातल्या साधारण दर चार मुलांमागे एक. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात; पोटातले जंत असतात, वारंवार होणारे आजार असतात, आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जायला हवे. पण आहारातील लोहाची आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यांची कमतरता हे त्यातले मोठे कारण आहे. अशा मुलाचे वजन बरे असू शकते, गालही भरलेले असू शकतात. मात्र वर्गात बसल्यावर त्याला काय होते, ते श्वेतकेतूला विचारावे.

किती भाजी-फळे लागतात याचा अंदाज आपल्याला नसतो, म्हणून दोन आकडे ध्यानात ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनानुसार सहा ते नऊ वर्षांच्या मुलाने रोज किमान 350 ग्रॅम आणि दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाने किमान 400 ग्रॅम भाज्या व फळे खावीत. यात बटाटा मोजायचा नाही, हे विशेष सांगावे लागते. कारण आपल्याकडे 'आमचा मुलगा भाजी खातो' याचा अर्थ पुष्कळदा 'बटाट्याची भाजी खातो' एवढाच असतो. आता दुसरा आकडा. सरकारी शाळेत जे दुपारचे भोजन मिळते, जी योजना 1995 साली 15 ऑगस्टला सुरू झाली आणि आज प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते, तिच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलासाठी 75 ग्रॅम भाजी धरलेली आहे. त्या योजनेने कोट्यवधी मुलांना शाळेत टिकवले, तिचे मोल मोठे आहे. परंतु वजाबाकी करून पाहा. उरलेली पाव किलोहून अधिक भाजी-फळे कोठून येणार? ती घरातूनच यायला हवीत. शाळेतल्या भोजनाचा लाभ नसलेल्या खासगी शाळेतील मुलाच्या बाबतीत तर सगळा भार घरावरच आहे.

रस्य आणि गतरस

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आपणा सर्वांना पाठ आहेत. सात्त्विक आहाराचे वर्णन करताना आयुष्य, सत्त्व, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारा असे म्हटल्यावर पुढचे पहिलेच विशेषण येते 'रस्य'. ज्यात रस आहे तो. आणि तामस आहाराच्या वर्णनात शब्द येतो 'गतरस', ज्यातला रस निघून गेला आहे तो. शिजवून एक प्रहर उलटलेले अन्नही भगवंत तामसात घालतात. मग जे तळून, मीठ-साखर माखून, पिशवीत हवा भरून सहा-सहा महिने दुकानात टांगलेले असते त्याला काय म्हणावे, हे सांगायला भाष्यकाराची गरज नाही. आणि रस्य म्हणजे काय, हे सांगायला डाळिंबाचा एक दाणा पुरेसा आहे.

पण इथे एक सावधगिरी. हे शब्द आपल्यासाठी आहेत, मुलाच्या डोक्यात हाणण्यासाठी नाहीत. 'ते खाऊ नकोस, ते तामसी आहे' असे वारंवार ऐकणारा मुलगा भाजी खायला शिकत नाही, तो दुसऱ्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडायला शिकतो. शाळेत शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी वेगळे शिजत असेल, त्याच्या प्रांतात, त्याच्या जातीत, त्याच्या आर्थिक स्थितीत वेगळे खाल्ले जात असेल. आपल्या मुलाने त्याला हिणवले, तर त्या दिवशी त्याने पालक खाल्ला असला तरी सत्त्वगुण काही वाढला नाही. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये हे व्रत म्हणून सांगितले आहे. त्यात 'स्वतःच्या अन्नाची' असा अपवाद नाही की 'परक्या अन्नाची' असा नाही.

अन्ननिंदा कोण करतो?

हे व्रत सर्वांत जास्त कोण मोडते? मूल नव्हे. संध्याकाळी पानावर बसल्यावर 'आज पुन्हा मेथी?' असे म्हणणारा घरातला कर्ता पुरुष मोडतो. कारल्याची परात समोर येताच तोंड वाकडे करणारे आजोबा मोडतात. 'मलाही लहानपणी दोडका अजिबात आवडत नसे, याला कसा आवडेल?' असे पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगणारी आई मोडते. मूल सर्व ऐकत असते. त्याने अजून दोडका जिभेवर ठेवलेलाही नसतो, पण दोडका न आवडणे ही आपल्या घराण्याची रीत आहे, हे त्याला कळून चुकते.

आम्ही शिबिरांमध्ये पालकांना एक प्रश्न विचारतो, 'गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाने तुम्हाला फळ खाताना किती वेळा पाहिले?' लोक आठवू लागतात. फळे घरात आणली जातात, कापून मुलांपुढे ठेवली जातात, आणि आई स्वतः चहा-बिस्किटावर भागवते. यात त्याग आहे हे खरे. पण मुलाला जे दिसते ते असे, की फळ ही लहानांवर लादण्याची गोष्ट आहे आणि मोठे झाल्यावर त्यातून सुटका होऊन चहा-बिस्किट मिळते. म्हणून मातांना आग्रहाची विनंती आहे की, त्या पेरूच्या चार फोडी मुलासमोर बसून स्वतः खा. तुमच्याही शरीराला त्यांची गरज आहे. स्त्रियांमधील रक्तक्षय मुलांपेक्षा कमी नाही, अधिकच आहे.

गोकुळातील फळवाली

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात बाळकृष्णाचा एक छोटा प्रसंग आहे, जेमतेम दोन श्लोकांचा. फळे विकणारी एक बाई गोकुळात हाळी घालत येते. ती ऐकून सर्वांना फल देणारा तो भगवंत ओंजळीत धान्य घेऊन धावत सुटतो. लहान हात, धावपळ, धान्य बोटांमधून सांडत जाते. पोहोचेपर्यंत हातात फारसे उरत नाही. तरी ती बाई त्याचे दोन्ही हात फळांनी भरून टाकते. आणि तिची टोपली रत्नांनी भरते.

रत्नांची गोष्ट आपण भक्तीने सांगतो. आज त्या धावण्याकडे पाहू. यशोदेने फळे कापून, वाटीत घालून, 'एवढे संपव, मग खेळायला जा' असे म्हटलेले नाही. फळवाली दारी आली, मुलाने स्वतः हाक ऐकली, स्वतः मोबदला नेला, स्वतः हात पसरले. ते फळ त्याचे होते, कारण ते त्याने आणले होते. आपण मात्र मोबाईलवर दोन बोटे फिरवून भाजी मागवतो, ती पिशवीत येते, शीतकपाटात जाते आणि थेट पानात अवतरते. मुलाने ना शेत पाहिले, ना मंडई पाहिली, ना देठ मोडून पाहिला. ज्याची ओळखच नाही ते तोंडात घालायला कोणते मूल तयार होईल?

म्हणून आठवड्यातून एकदा मुलाला बाजारात न्या. हातात वीस-तीस रुपये द्या आणि सांगा, यात तुला जे हवे ते एक फळ किंवा एक भाजी तू निवडायची, भाव तू विचारायचा, पैसे तू द्यायचे. त्याने मुळा निवडला तर मुळा. भाजीवाल्या मावशींना 'ही कशी करायची?' हेही त्यालाच विचारू द्या. त्या फार प्रेमाने सांगतात. घरी आल्यावर शेंगा सोलणे, मेथी निवडणे, काकडी चोचवणे, कोशिंबिरीत दही कालवणे ही कामे सात-आठ वर्षांचे मूल सहज करते. वेळ जास्त लागतो, ओटा घाण होतो. होऊ द्यावा.

संत सावता महाराजांचे चरित्र मुलांना याच निमित्ताने सांगता येते. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे त्यांचे गाव. त्यांनी मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठाई पाहिली आणि मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. आजही दरवर्षी आषाढात पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला येते. ज्या भाजीत एका संताला देव दिसला ती भाजी पानात टाकून उठायची का, असे मुलाला धाकाने विचारू नका. त्यापेक्षा एक कुंडी द्या, मूठभर मेथीदाणे द्या. मेथी चार-पाच दिवसांत उगवून येते आणि तीन-चार आठवड्यांत खुडायला मिळते. मुलाचा धीर तेवढा टिकतो. स्वतः खुडलेल्या मेथीचे थालीपीठ नाकारणारे मूल आमच्या पाहण्यात आलेले नाही. ज्यांच्या शाळेत परसबाग आहे त्यांनी तिथे आठवड्यातून एक तास श्रमदान करावे, ही सेवाच आहे.

सण आठवा

आपल्या पूर्वजांनी भाजीपाल्याला व्रताचे स्थान दिले होते, ते आपण विसरत चाललो आहोत. देवीमाहात्म्यात कथा आहे की शंभर वर्षांच्या अवर्षणात देवीने आपल्या देहातून उत्पन्न केलेल्या शाकांनी जगाचे पोषण केले, म्हणून ती शाकंभरी. पौष पौर्णिमा ही शाकंभरी पौर्णिमा. बदामीच्या बनशंकरीला या काळात 108 भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. तुळजापूरला शाकंभरी नवरात्र होते. ज्येष्ठागौरीला सोळा भाज्या, ऋषिपंचमीला ऋषीची भाजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. महाभारतात दुर्वासांच्या संकटातून द्रौपदीला सोडवताना श्रीकृष्णांनी पक्वान्न मागितले नाही, थाळीला चिकटलेले भाजीचे एक पान खाल्ले आणि विश्व तृप्त झाले.

आता या सणांचे काय उरले? भोगीच्या दिवशीही मुलासाठी वेगळे 'त्याच्या आवडीचे' केले जाते. आमची सूचना अशी की किमान या चार-पाच दिवशी घरात सर्वांसाठी एकच स्वयंपाक व्हावा आणि मुलाला सोळा भाज्या मोजायला बसवावे. नावे सांगावीत. लाल भोपळा, पडवळ, भेंडी, गवार, अळू, शेपू, चवळईचा माठ. जी मराठी कुटुंबे हैदराबाद, इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा त्याहून दूर राहतात त्यांनी स्थानिक नावेही शिकवावीत. आणि तिथल्या शेजाऱ्यांच्या भाज्याही आपल्या स्वयंपाकघरात आणाव्यात, गुजरातेतले उंधियू काय किंवा केरळातले अवियल काय. भोगीच्या भाजीचीच ही भावंडे आहेत.

चातुर्मासाबद्दल एक शब्द. काही साधक शाकव्रत घेतात, काही जण वांगी, कांदा, लसूण सोडतात. हे मोठ्यांचे व्रत आहे. मोठ्यांच्या घरात ते असल्यामुळे वाढत्या वयाच्या मुलाच्या पानातली भाजी चार महिने नाहीशी होऊ नये. पावसात पालेभाजीला माती, अळ्या जास्त असतात, म्हणून ती नीट निवडून, चिरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांत धुऊन, शिजवून द्यावी, एवढे पुरे. तसेच मुलांच्या एकादशीचे. दिवसभर साबुदाणा, बटाटा आणि तळलेले वेफर्स खाऊन मुलाच्या संयमाला कोणता लाभ होतो, हे आम्हाला तरी समजलेले नाही. त्यापेक्षा त्या दिवशी फळे, रताळे, दूध, राजगिरा द्यावा.

आपल्या केंद्रांतला प्रसाद

आता थोडे कडू बोलणे आहे, ते आपल्याच घरातले आहे म्हणून बोलतो.

आपल्या बालसंस्कार वर्गांत रविवारी मुले येतात. श्लोक म्हणतात, सूर्यनमस्कार घालतात, गोष्ट ऐकतात. आणि शेवटी रांगेत उभी राहून प्रसाद घेतात. तो प्रसाद काय असतो? क्रीमचे बिस्किट, चॉकलेट, कधी वेफर्सचे पाकीट. कारण सोपे आहे. वाटायला बरे पडते, नासत नाही, मुले खूष होतात, आणि कुणाचा वाढदिवस असला की पालक तेच आणून देतात. पण जी वस्तू देवापुढे ठेवून, नमस्कार करून, दोन्ही हातांनी घ्यायची, तिची छाप मुलाच्या मनावर आयुष्यभर राहते. पत्र, पुष्प, फळ, जल यांपैकी जे कोणी भक्तीने देईल ते मी स्वीकारतो, असे भगवंत गीतेच्या नवव्या अध्यायात म्हणतात. त्यांनी स्वतः यादी करून दिली आहे. तरी आपण चकचकीत वेष्टनातली वस्तू शोधत फिरतो.

2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले खाद्यपदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. शाळेच्या दारात जे विकायला मनाई आहे ते आपण देवाच्या दारात फुकट वाटत असू, तर मुलांनी कोणाचे ऐकायचे?

पैशांचा प्रश्न येतो. सफरचंद महाग आहे, द्राक्षे महाग आहेत. पण प्रसादाला सफरचंदच कशाला हवे? शबरीने रामाला बोरे दिली. केळे सर्वत्र आणि बारा महिने मिळते. थंडीत पेरू आणि बोरे, उन्हाळ्यात कलिंगड, पावसाच्या तोंडावर जांभळे, कोकण-घाटमाथ्यावर करवंदे. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते आणि आवळ्यात पेरूपेक्षाही अधिक. बाजारात मात्र मान मिळतो तो परदेशातून आलेल्या, मेण लावलेल्या फळाला. जे ज्या ऋतूत, ज्या मातीत येते ते स्वस्त असते आणि ताजेही असते. घरच्या भाजीलाही हेच लागू. शेवग्याचा पाला अनेकांच्या कुंपणाला फुकट वाढतो. माठ, चाकवत, अंबाडी, राजगिऱ्याची पाने या भाज्या बहुतेक वेळा फुलकोबीपेक्षा स्वस्त असतात.

आणि क जीवनसत्त्वाचे नाव निघाले म्हणून एक उपयोगाची गोष्ट. पालेभाजी, डाळ, बाजरी यांतील लोह शरीराला सहज घेता येत नाही. त्यासोबत लिंबू, आवळा, पेरू, कोथिंबिरीची कच्ची चटणी असे काही असेल तर ते चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट घडते. आजीने भाजीवर लिंबू पिळणे आणि पानाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर-चटणी वाढणे यात किती शहाणपण होते ते पाहा. गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पाने यांतल्या अ जीवनसत्त्वासाठी थोडे तेल-तूप लागते, तेव्हा भाजीला फोडणी असण्यात काही वाईट नाही. फळ मात्र चावून खावे. रस काढला, गाळला, साखर घातली की चोथा गेला आणि उरले ते गोड पाणी.

नाही म्हणणाऱ्या मुलापुढे

'हे सगळे करून झाले, तरी तो तोंड उघडत नाही,' असे म्हणणाऱ्या माता असतात. त्यांना दोष देऊ नये. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने रात्री आठ वाजता कारल्यावरून युद्ध पुकारावे, ही अपेक्षा कोण करील?

युद्ध नकोच. लहान मुलाची जीभ अनोळखी चवीला, विशेषतः कडवट चवीला, आधी नकार देते. तो तिचा स्वभाव आहे, हट्ट नव्हे. तीच भाजी आठ, दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर ओळखीची होते. आपण तीन वेळा करून पाहतो आणि 'याला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. जपाला बसणाऱ्या साधकाला आपण तीन दिवसांत मन स्थिर होण्याची आशा दाखवत नाही. मुलाच्या जिभेला मात्र तेवढीच मुदत देतो. पानात फक्त एक घास वाढा. 'चव पाहा, नको असेल तर ठेव,' एवढेच म्हणा आणि पुढच्या गोष्टीकडे वळा. ठेवला तर ठेवू द्या. चार दिवसांनी पुन्हा एक घास, दुसऱ्या रूपात. दुधीची भाजी नको असेल तर दुधीचे मुटके, पालक नको असेल तर पालकाची पुरी, पण केव्हातरी मूळ रूपातही दाखवा. लपवून खाऊ घातलेल्या भाजीशी मुलाची ओळख होत नाही.

आणि 'भाजी संपव, मग चॉकलेट देते' हा सौदा करू नका. मुलाच्या मनात हिशेब पक्का होतो की चॉकलेट हे बक्षीस आणि भाजी ही शिक्षा. पोट भरले असताना जबरदस्तीने संपवायला लावणेही टाळावे. युक्त आहाराचा उपदेश भगवंतांनी अर्जुनाला केला, तो सहा वर्षांच्या पोटालाही आहे. त्याला आपली भूक कळते.

डब्याचे म्हणाल, तर सकाळच्या घाईत पाच भाज्या कोणाला करता येत नाहीत. पोळी-भाजीसोबत एका छोट्या डबीत गाजराच्या, काकडीच्या फोडी किंवा एक अख्खे केळे, पेरू, चिकू असे ठेवा. अख्खे फळ काळे पडत नाही आणि मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत संपते. डबा परत आला तर रागावण्याआधी विचारा, का उरले? पुष्कळदा उत्तर असे येते की वेळच मिळाला नाही, किंवा मुले हसली. ज्या पालकांची मुले एकाच वर्गात आहेत त्यांनी मिळून ठरवले की गुरुवारी सर्वांच्या डब्यात फळ असेल, तर हसायला कोणी उरत नाही. शिक्षकांशी बोलावे. बहुतेक शिक्षक आनंदाने साथ देतात, त्यांनाही तो चौथा मुलगा वर्गात रोज दिसत असतो.

सतत थकवा, फिकटपणा, माती किंवा खडू खाण्याची सवय असे काही दिसले, तर मात्र नुसत्या भाजीवर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि जंतांचे औषध राहून गेले असल्यास द्यावे. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना शाळेत व अंगणवाडीत ते विनामूल्य मिळते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

केंद्रसंचालकांनी येत्या रविवारपासून प्रसादाची पाळी लावून घ्यावी. ज्या कुटुंबाची पाळी असेल त्यातील मुलानेच बाजारातून फळे निवडावीत, धुवावीत, आरतीच्या वेळी देवापुढे ठेवावीत आणि स्वतःच्या हाताने वाटावीत. वाढदिवसालाही हाच नियम असावा. कापलेली फळे फार वेळ उघडी ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात शक्यतो केळी, मोसंबी यांसारखी सोलून खायची फळे आणावीत. साली एका घमेल्यात जमवून केंद्रातल्या झाडांच्या खतासाठी वापरता येतील. तेही काम मुलांनाच द्यावे.